अंधारातल्या उंदरापासून सुरुवात कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. ऑप्टोजेनेटिक्स (प्रकाशानं चेतापेशी चालू-बंद करायचं तंत्र) आधी शिकू, कॅल्शियम इमेजिंग (चेतापेशी पेटताना बघायचं तंत्र) की पायथन ही संगणकाची भाषा, असं विचारलं आहेस. तिन्ही येईल तुला. जिथे जाशील तिथले सीनियर्सच हाताला धरून शिकवतील. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. मेंदूतल्या सर्किटवर, म्हणजे चेतापेशींच्या जोडण्यांच्या जाळ्यावर, काम करायचंय असं तू पुन्हा पुन्हा लिहिलंस, पण सबंध पत्रात एकाही प्राण्याचं नाव नाही. कुठला प्राणी, तो काय करतो, आणि ते त्याला जमतं याचं नवल का वाटावं, हे ठरवायच्या आधीच सर्किट शोधायला लागलीस तर हाती नुसता तारांचा गुंता लागेल.

सी. एलिगन्स नावाचा एक मिलिमीटर लांबीचा कृमी आहे. त्याच्या अंगात ३०२ न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, असतात आणि त्यांची जवळजवळ सगळी जोडणी १९८६ साली छापून आली. तेव्हापासून तो नकाशा सगळ्यांसमोर आहे. तरी नुसता नकाशा बघून तो कृमी पुढच्या क्षणी पुढे सरकेल की मागे वळेल हे कुणालाही सांगता येत नाही. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला: सुमारे १,४०,००० न्यूरॉन आणि पाच कोटींच्या वर जोडण्या. अफाट काम आहे, तुमच्या पिढीला ते आयतं मिळालंय, त्याचा भरपूर उपयोग कर. पण त्या नकाशाला काय विचारायचं हे माशीकडे बघत बसलेल्या माणसालाच सुचतं.

मला वाटतं ते पटवून द्यायला एकच प्राणी पुरेल, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. गव्हाणी घुबड. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, देवळाच्या शिखरात, बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये राहणारं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं. ज्या घुबडांवर हे प्रयोग झाले ती अमेरिकेतली, पण आपल्याकडच्या घुबडांची अगदी जवळची भावंडं.

रॉजर पेन यांचं नाव तू देवमाशांच्या गाण्यामुळे ऐकलं असशील. त्याआधी त्यांनी घुबडांवर काम केलं. मिट्ट काळोखाची खोली, जमिनीवर वाळका पाला, आणि त्यात सोडलेला उंदीर. घुबड झेपावलं की उंदीर पंजात. वास येत असेल, अंगाची ऊब जाणवत असेल, अशा शंका होत्याच. मग उंदराच्या मागे कागदाचा बोळा बांधला. उंदीर चालला की सळसळ बोळ्याची व्हायची. घुबडानं उंदीर सोडून बोळाच धरला. एका कानात कापूस घातल्यावर झेप चुकली. हे सगळं मेंदूत एकही इलेक्ट्रोड न घालता समजलं. घुबड दोन कानांनी जागा ठरवतं, एवढं पक्कं झालं आणि तिथून पुढचा प्रत्येक प्रश्न नेमका विचारता आला.

हे काम पुढे नेलं मासाकाझू कोनिशी यांनी. क्योटोत जन्मलेले, मूळचे पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक, १९७५ पासून अमेरिकेतल्या कॅलटेक या संशोधन संस्थेत. एरिक नुडसेन हे त्यांचे तरुण सहकारी. घुबडाचे डोळे कवटीत जवळजवळ घट्ट बसलेले असतात. आपण नजर फिरवतो, त्याला मान फिरवावी लागते. म्हणजे आवाज कुठून आला असं त्याला वाटलं, याचं उत्तर ते स्वतःच मानेनं देतं आणि ते अंशांत मोजता येतं. चूक निघते एक-दोन अंशांची. प्राणी निवडताना हे बघ: त्याला काय जाणवलं हे तो तुला स्पष्ट सांगू शकेल असं काही तो करतो का? घुबड करतं, आणि या कामाचं निम्मं यश मी त्यालाच देते.

आता कान बघ. पिसांआड दडलेले, आणि वाकडे. डावा कान उजव्यापेक्षा वर आहे आणि त्याचं तोंड खाली, उजवा खाली आहे आणि त्याचं तोंड वर. त्यामुळे खालून आलेला आवाज डाव्या कानाला जरा मोठा ऐकू येतो, वरून आलेला उजव्या कानाला. म्हणजे आवाजाच्या तीव्रतेतला फरक उंची सांगतो. डावीकडे की उजवीकडे हे ठरतं वेळेवरून: ज्या बाजूला उंदीर, त्या कानाला आवाज आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त दोनशे-अडीचशे मायक्रोसेकंद, आणि घुबड त्यातले दहा मायक्रोसेकंदही ओळखतं. एका न्यूरॉनचा एक विजेचा स्पंद साधारण एक मिलिसेकंदाचा असतो, म्हणजे याच्या शंभरपट मोठा. हे वाचून थांब थोडी. एवढ्या धिम्या पेशींचा मेंदू इतका बारीक वेळ मोजतो कसा?

उत्तराची कल्पना लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्येच कागदावर मांडली होती. समज, एका गल्लीच्या दोन टोकांकडून दोन माणसं सारख्या चालीनं निघाली. दोघं एकाच वेळी निघाली तर मधोमध भेटतील, एक आधी निघाला तर भेट दुसऱ्याच्या टोकाकडे सरकेल. भेटीची जागा बघितली की कोण किती आधी निघालं ते कळतं, घड्याळ लागत नाही. १९८८ ते १९९० या काळात कॅथरीन कार आणि कोनिशी यांनी घुबडाच्या मेंदूच्या देठात नेमकं हेच दाखवलं. त्याच बाजूच्या कानाकडचे अ‍ॅक्सॉन (न्यूरॉनचे संदेश नेणारे लांब तंतू) वरून शिरतात, पलीकडच्या कानाकडचे खालून, आणि वाटेतल्या ज्या न्यूरॉनवर दोन्हींकडचे स्पंद एकदम पोचतात तो सर्वांत जोरात पेटतो. अ‍ॅक्सॉनची लांबी इथे मोजपट्टीचं काम करते.

तीव्रतेची वाट निराळी आहे. श्रवणचेतेचे तंतू मेंदूत शिरताच दोन केंद्रांकडे फुटतात, एक वेळेचं, एक तीव्रतेचं. हे खरंच वेगळं आहे का, हे १९८४ मध्ये टेरी ताकाहाशी, अँड्र्यू मॉइसेफ आणि कोनिशी यांनी तपासलं. वेळेच्या केंद्रात भुलीच्या औषधाचा थेंबभर डोस दिला. मेंदूत पुढच्या टप्प्यावरच्या न्यूरॉनचं वेळेबद्दलचं गणित बिघडलं, तीव्रतेचं जसंच्या तसं राहिलं. औषध दुसऱ्या केंद्रात दिल्यावर बरोबर उलट. या सबंध गोष्टीत मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच. महागडं यंत्र नाही, झगमगीत चित्र नाही. प्रश्न इतका स्वच्छ होता की हो किंवा नाही एवढंच उत्तर येऊ शकत होतं. तुझा पहिला प्रयोग असा असावा असं मला मनापासून वाटतं.

या दोन्ही वाटा मध्यमेंदूत एकत्र येतात. तिथल्या न्यूरॉनचा शोध कसा लागला ते ऐक. आवाज न घुमणाऱ्या खोलीत मधोमध घुबड, त्याच्याभोवती अर्धगोल कमान, कमानीवर दुरून फिरवता येणारा छोटा स्पीकर. स्पीकर फिरत फिरत एका ठरावीक जागी आला की तो न्यूरॉन बोलायचा, हलला की गप्प. शेजारच्या न्यूरॉनची जागा शेजारची. १९७८ मध्ये नुडसेन आणि कोनिशी यांनी हा आवाजाच्या जागांचा नकाशा प्रसिद्ध केला. यात विशेष काय, असं तुला वाटेल. डोळ्याच्या पडद्यावर जगाचं चित्र आपसूकच उमटतं, म्हणून मेंदूत दृष्टीचा नकाशा असणं समजू शकतं. कानात तसं काही नसतं. कानाच्या आतल्या शंखात आवाज पट्टीनुसार वेगळे होतात, दिशेनुसार नाही. म्हणजे हा नकाशा मेंदूनं स्वतः हिशेब करून बांधलेला आहे. दोन मोजमापांचा मेळ हे न्यूरॉन जवळजवळ गुणाकारानं घालतात, हेही पुढे २००१ मध्ये होसे लुईस पेन्या आणि कोनिशी यांनी दाखवलं. त्यामुळेच वेळ जुळली पण उंची चुकली, तर न्यूरॉन गप्प राहतो.

नकाशा पुढे जातो मध्यमेंदूतल्याच ऑप्टिक टेक्टम नावाच्या भागात. तिथे दिसण्याचा आणि ऐकण्याचा नकाशा एकावर एक बसतो, आणि त्याच जागेला हलका विजेचा झटका दिला तर घुबड मान त्या दिशेला वळवतं. गंमत अशी की तिथून खाली जाताना हुकूम पुन्हा फुटतो: आडवं वळण एका सर्किटकडे, उभं दुसऱ्याकडे. तू संवेदना आणि हालचाल असे दोन वेगळे विषय लिहिलेस ना, त्यांची सीमा या पक्ष्याच्या मेंदूत दाखवून दे म्हटलं तर मला दाखवता येणार नाही.

पिल्लांचे प्रयोग तर तू वाचच. नुडसेन यांनी लहान घुबडांना प्रिझमचे चष्मे लावले. सगळं दृश्य सुमारे २३ अंश बाजूला सरकलं. कान ठीक, डोळे ठीक, फक्त दोघांचं जमेना. काही आठवड्यांत ऐकण्याचा नकाशा सरकून दृष्टीला जुळला. नवे अ‍ॅक्सॉन फुटले होते. जुन्या जोडण्या मात्र तुटल्या नव्हत्या, त्या दाबून ठेवल्या होत्या, म्हणून चष्मा काढल्यावर पक्षी परत मूळ जागी येऊ शकले. मोठ्या घुबडांना हे जमत नाही असं आधी दिसलं. २००२ मध्ये कळलं की चष्म्यानं दृश्य सरकवायचे अंश थोडे थोडे वाढवत नेले तर त्यांनाही बरंच जमतं. आणि २००५ मध्ये असं दिसलं की आयतं अन्न मिळण्याऐवजी जिवंत उंदीर स्वतः पकडावा लागला तर मोठी घुबडं कितीतरी जास्त जुळवून घेतात. पिंजऱ्यात बसलेला प्राणी काय करू शकत नाही यावरून त्याच्या मेंदूची मर्यादा ठरवायची नसते, हे मी त्या निबंधातून शिकले आणि विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

एक सावधगिरी. घुबडात सापडलं म्हणजे सगळीकडे असंच, असं धरून चालू नकोस. जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात हाच वेळेचा फरक मोजायचा मार्ग बराच वेगळा निघाला. तिथले न्यूरॉन इतके नेमके नाहीत, आणि त्यांना रोखणारे संदेश मोठं काम करतात. एकाच अडचणीवर दोन प्राण्यांनी दोन वाटा काढल्या. म्हणून ‘मेंदू असा चालतो’ असं वाक्य लिहिताना कुणाचा मेंदू ते आधी लिही.

आता तुझ्यापुरतं. घुबडावर प्रयोग करायचा विचार इथे मनात आणू नकोस. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहे, आणि दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडून विकणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. त्या पक्ष्याला आपल्याकडून आणखी त्रास नको. त्याला लांबून बघ. त्याच्या बसण्याच्या जागेखाली न पचलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या पडलेल्या असतात. त्या हातमोजे घालून उचल, पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडव. उंदरांच्या आणि चिचुंद्र्यांच्या अख्ख्या कवट्या मिळतील. अंधारात ऐकलेली सळसळ बरोबर होती याचा तो पुरावा.

प्रयोगशाळेसाठी फळमाशी घे, झेब्राफिश हा छोटा मासा घे, रातकिडा घे. फळमाशीची परंपरा तर आपल्या मुंबईतलीच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात माश्यांच्या वासाच्या आणि चवीच्या जाणिवेवर काम सुरू केलं, तेही माशी कुठल्या वासाकडे जाते आणि कुठला टाळते, हे मोजण्यापासून. त्यातून वास न येणाऱ्या माश्यांचे वंश सापडले, आणि मग जनुकं.

प्रयोगशाळा निवडताना तिथल्या मायक्रोस्कोपची किंमत विचारू नकोस. तिथली मुलं प्राण्याबद्दल बोलतात का, ते ऐक. माशी सकाळी वेगळी वागते, नर एकटा ठेवला की चिडतो, असं सहज बोलता बोलता कुणी सांगितलं तर तिथे जा. गणित मात्र सोडू नकोस. संभाव्यता आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स आत्ताच करून घे, नंतर वेळ मिळत नाही. पायथन त्याच्या ओघात येईल.

पुढच्या महिन्यात एवढंच कर: नुडसेन आणि कोनिशी यांचा १९७८ चा निबंध काढ, तीनच पानांचा आहे. आकृत्या झाकून फक्त मजकूर वाच आणि नकाशा कसा असेल तो स्वतः काढ. मग झाकण काढून ताडून बघ, आणि तुझं चित्र मला पाठव, चुकलेलं असलं तरी. अडलं तर रविवारी सकाळी फोन कर, मी घरीच असते.

तुझी,
मॅडम