वाचकांचे प्रश्न : मृतांच्या जागी पर्यटक म्हणून जाताना

प्रश्न : पुढील वर्षी मी आणि माझी थोरली बहीण युरोपच्या प्रवासाला निघणार आहोत. पॅरिसमधील अस्थींची भुयारे, पालेर्मोचे ममींचे तळघर आणि ऑश्विट्झची छळछावणी ही तीन ठिकाणे पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. ताईला मात्र हे मुळीच पटत नाही. ‘माणसांची मढी पाहायला पैसे मोजून जाणे ही विकृती आहे,’ असे ती म्हणते आणि तिचे हे बोलणे माझ्या मनाला लागले आहे. मला तेथे का जावेसे वाटते, हे मलाही नीट सांगता येत नाही. या ओढीत खरोखरच काही वावगे आहे का?

उत्तर : ओढ वावगी नाही आणि ती नवीनही नाही. मृत्यूशी आणि यातनांशी जोडलेल्या जागांच्या पर्यटनाला ‘डार्क टुरिझम’ हे नाव जॉन लेनन आणि माल्कम फोली या अभ्यासकांनी 1996 मध्ये रूढ केले. परंतु एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शवागारात बेवारस प्रेते ओळख पटावी म्हणून काचेमागे ठेवली जात, तेव्हा ज्यांचे कोणीही हरवलेले नव्हते अशी माणसे तेथे झुंडीने जात असत. अखेर 1907 मध्ये ते दालन लोकांसाठी बंद करण्यात आले. या उदाहरणात मला विकृती दिसते ती पाहण्याच्या इच्छेत नाही. प्रेत तेथे का ठेवले आहे, याच्याशी पाहणाऱ्याचा काहीही संबंध उरला नव्हता, हे मला खटकते. म्हणून ‘मला का जावेसे वाटते’ या प्रश्नापाशी फार वेळ अडकू नका. त्याऐवजी असे विचारा की, तेथील मृत माणसे लोकांच्या नजरेसमोर कशी आली आणि ती कोणाच्या इच्छेने आली? याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे मिळते आणि तुमचे वागणेही त्यानुसार वेगळे असावे लागते.

पॅरिसचेच पाहा. तेथील ‘इनोसंट्स’ दफनभूमीत शतकानुशतके इतके मृतदेह पुरले गेले की 1780 मध्ये शेजारच्या एका घराच्या तळघराची भिंत त्या भाराने कोसळली. पुढे 1786 पासून या आणि इतर दफनभूमींतील अस्थी रात्रीच्या वेळी, धर्मगुरूंच्या प्रार्थनेसह, गाड्यांतून शहराखालच्या चुनखडीच्या जुन्या खाणींत हलवण्यात आल्या. आज तेथे सुमारे 60 लाख माणसांचे अवशेष आहेत असे मानले जाते. प्रवेशद्वारावर ‘थांब! येथे मृत्यूचे साम्राज्य आहे’ अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे आणि बहुतेक प्रवासी तिच्यापाशी थांबून छायाचित्र काढतात. मी तुम्हाला आतल्या साध्या दगडी पाट्या वाचायला सांगेन. या अस्थी कोणत्या दफनभूमीतून आणि कोणत्या वर्षी आणल्या, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. श्रीमंत आणि गरीब, म्हातारे आणि तान्ही मुले यांची हाडे एकाच भिंतीत रचलेली आहेत आणि व्यक्ती म्हणून कोणाचीही ओळख उरलेली नाही, हे त्या पाट्या वाचताना जितके जाणवते तितके कवट्या न्याहाळताना जाणवत नाही.

पालेर्मोची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. कॅपुचिन मठाच्या त्या तळघरात 1599 मध्ये प्रथम मठातील एका साधूचा देह ठेवण्यात आला आणि पुढे शहरातील सधन कुटुंबेही तेथे जागा मागू लागली. आपला देह उत्तम पोशाखात उभा ठेवला जावा, अशी त्यांची स्वतःची इच्छा असे. नातेवाईक भेटीला येत, कपडे बदलत आणि देखभालीसाठी मठाला पैसे देत. तेथे जे भयानक वाटते ते मुळात एका समाजाने आपल्या माणसांशी शेवटपर्यंत टिकवलेले नाते होते. हे ठाऊक असेल तर 1920 मध्ये मरण पावलेल्या, दोन वर्षेही पूर्ण न झालेल्या रोझालिया लोम्बार्डो या मुलीच्या पेटीपुढे उभे राहताना तिचा टिकून राहिलेला चेहरा ‘चमत्कार’ म्हणून पाहिला जाणार नाही. त्या मुलीला असे जपून ठेवावेसे वाटणारे कोणीतरी होते, हे आधी आठवेल. तेथे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. चेक प्रजासत्ताकातील सेडलेचच्या प्रसिद्ध अस्थिगृहातही 2020 पासून पूर्वपरवानगीशिवाय छायाचित्रे काढता येत नाहीत, कारण कवट्यांशी चाळे करून स्वतःची छायाचित्रे काढणाऱ्यांचा उपद्रव असह्य झाला होता.

मृताची इच्छा उघडपणे मोडलेली असेल, तर मात्र मी पाहायला जाणार नाही. अठराव्या शतकात चार्ल्स बर्न नावाचा असामान्य उंचीचा आयरिश तरुण लंडनमध्ये स्वतःचे प्रदर्शन करून पोट भरत असे. मृत्यूनंतर शरीरशास्त्रज्ञ आपला देह पळवतील या भीतीने त्याने समुद्रात दफन करण्याची इच्छा सांगून ठेवली होती. तो 1783 मध्ये वारला. जॉन हंटर या शल्यविशारदाने पैसे चारून त्याचा देह मिळवला आणि त्याचा सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे लोकांनी पाहिला. हंटरच्या नावाचे लंडनमधील हंटेरियन संग्रहालय 2023 मध्ये पुन्हा उघडले तेव्हा तो सांगाडा प्रदर्शनातून काढण्यात आला, परंतु समुद्रात तो अजूनही पोहोचलेला नाही. लंडनच्याच व्हाइटचॅपल भागात 1888 मधील खुनांवर आधारित फेऱ्या निघतात. त्या न सापडलेल्या खुन्याचे टोपणनाव जगाला पाठ आहे. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या स्त्रियांची नावे मात्र फार थोड्यांना सांगता येतात. ज्या फेरीत खुनी नायक होतो आणि मृत स्त्री केवळ त्याच्या कथेतील एक प्रसंग ठरते, तिचे तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑश्विट्झबद्दल ताईंना एक गोष्ट अवश्य सांगा. तेथे सुमारे 11 लाख माणसे मारली गेली, त्यांपैकी जवळजवळ 10 लाख ज्यू होती. आणि ती जागा जपली जावी यासाठी पुढाकार घेतला तो तेथून जिवंत सुटलेल्या कैद्यांनीच. पोलंडच्या संसदेने 1947 मध्ये कायदा करून तेथे स्मारक-संग्रहालय स्थापन केले. म्हणजे लोकांनी यावे आणि पाहावे, ही ज्यांनी ते सोसले त्यांचीच मागणी होती. बळींचे केस ठेवलेल्या दालनात आणि 11 क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात छायाचित्रे काढता येत नाहीत. जेथे परवानगी आहे तेथेही कॅमेरा बराच वेळ पिशवीत राहिला तर बरे. मुख्य छावणी आणि तेथून सुमारे तीन किलोमीटरवरील बिर्केनाउ अशा दोन्ही जागा पाहा. पुष्कळ प्रवासी चष्म्यांचे आणि बुटांचे ढीग पाहून परत फिरतात, परंतु संहाराचा आवाका बिर्केनाउच्या त्या विस्तीर्ण मोकळ्या मैदानात चालल्याशिवाय ध्यानात येत नाही. त्या दिवशी संध्याकाळी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नका.

ताईंना पालेर्मोच्या तळघरात उतरायचे नसेल तर आग्रह करू नका. त्यांच्या ‘विकृती’ या शब्दामागे मृतांची विटंबना होऊ नये ही तळमळच असावी, असे मला वाटते.

प्रश्न : आमचा अकरा वर्षांचा मुलगा इतिहासात फार रमतो. त्याला ऑश्विट्झला न्यावे का?

उत्तर : आणखी तीन वर्षे थांबा. चौदा वर्षांखालील मुलांनी येऊ नये, अशी त्या संग्रहालयाचीच सूचना आहे आणि ती मला योग्य वाटते. तोवर त्याला इटलीतील पाँपेई या प्राचीन शहराच्या अवशेषांकडे न्या. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत सापडलेल्या माणसांचे देह कुजून गेल्यावर उरलेल्या पोकळ्यांत पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी 1863 पासून प्लास्टर ओतून आकृती घडवल्या. तेथे मरण आहे, भीतीही आहे. परंतु ते माणसांनी माणसांना दिलेले मरण नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलाचे प्रश्न तेथे पालकांना उत्तरे देता येतील असे असतात.