कुंडीत रोप लावलं की ती कला कशी? आणि त्याचा, किंवा हस्तकलेचा, स्थलांतराशी काय संबंध?

नुसतं रोप लावलं तर ती बागच. ते रोप तिथवर पोचलं कसं, हे कलाकार खणून काढतो तेव्हा गोष्ट बदलते.

मारिया तेरेझा आल्वेस या ब्राझिलच्या कलाकाराचं काम बघा, १९९९ पासून चालू आहे. पूर्वी माल कमी असला की जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी माती, दगड, वाळू भरत आणि बंदरात पोचल्यावर ते ओतून देत. त्या मातीत परमुलखातलं बी असे. आल्वेस जुनी कागदपत्रं चाळून अशा जागा शोधतात, तिथली माती आणून पाणी घालतात आणि काय उगवतं ते पाहतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला तर एका जुन्या धान्यवाहू नावेवरच त्यांनी अशी बाग केली. त्याच जहाजांच्या वाटांनी गुलामांचा व्यापारही चालायचा, म्हणून ही रोपं मला दस्तऐवजासारखी वाटतात.

हस्तकलेचं म्हणाल, तर नायजेरियात जन्मलेल्या ओटोबॉन्ग न्कान्गा यांनी २०१७ मध्ये अथेन्सला साबण बनवला. तेलं भूमध्य समुद्राच्या आसपासची आणि आफ्रिकेतली, म्हणजे वेगवेगळ्या मुलखांतून एकत्र आलेली. वडी विकतही मिळायची. (हा भाग काहींना खटकतो, मला नाही.)