“देवाचं ऐकत नाहीस,” असं आई म्हणते तेव्हा

पहिली दहा-पंधरा मिनिटं ती झोपेबद्दल बोलत राहिली. झोप लागत नाही, लागली तर पहाटे मोडते. मग अचानक म्हणाली, “ताई, चौदा महिने झाले, मी चर्चला गेलेले नाही. घरी प्रार्थना करते, बायबल वाचते, रविवारी मोबाईलवर उपासना लावते. तरी आई म्हणते, तू देवाचं ऐकत नाहीस. खरंच आज्ञा मोडतेय का मी?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं, आणि त्या दिवशी मीही घाई केली. म्हटलं, देव काही चार भिंतींत अडकलेला नाही. वाक्य चूक नव्हतं. तिने मान डोलावली आणि गेली. पुढच्या भेटीत कळलं की त्या रात्रीही ती टक्क जागीच होती. मी तिला मोकळं करायला गेले, पण नेमकं काय अडकलंय ते विचारलंच नव्हतं.

विचारल्यावर निघालं ते असं. ती मंडळीच्या, म्हणजे तिच्या चर्चच्या लोकांच्या, गायनात होती. नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिने ही गोष्ट मंडळीतल्या एकीलाच सांगितली होती. पुढच्या प्रार्थनासभेत कुणीतरी तिचं नाव मोठ्याने घेऊन “तिच्या मोडलेल्या घरासाठी” प्रार्थना केली, आणि सगळे आमेन म्हणाले. कुणाच्या मनात वाईट नसेलही. पण प्रार्थनेच्या विषयाचं सोंग घेऊन आलेली चहाडी मी इतक्यांदा ऐकली आहे की मला राग आवरावा लागला. त्यानंतर ती गेली नाही.

आई तिला नेहमी बायबलमधलं एक वचन ऐकवायची: यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, 1 शमुवेल 15:22. आम्ही तो अख्खा अध्याय उघडून वाचला. तिथे शौल राजा उपासना चुकवत नाहीये, उलट उपासनेचंच कारण पुढे करतोय. अमालेकी या शत्रूंची गुरंमेंढरं राखायची नाहीत, असं देवाने सांगितलेलं असताना त्याने चांगली चांगली राखली आणि वर म्हणाला, देवाला यज्ञ करायलाच ठेवली आहेत. त्यावर शमुवेल संदेष्टा ते वाक्य बोलतो. म्हणजे आईने लेकीला चर्चला पाठवण्यासाठी जे वचन वापरलं, ते सांगतं की धर्मविधीची हजेरी लावली म्हणून आज्ञा पाळली असं होत नाही. ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पण मला तिथेच थांबायचं नव्हतं. त्या ओवीत ‘आज्ञा पाळणं’ यासाठी जो हिब्रू शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘ऐकणं’. आपल्याकडेही तसंच आहे की. मूल ‘ऐकत नाही’ म्हणजे त्याचे कान बिघडलेले नसतात. म्हटलं, हजेरीपत्रक बाजूला ठेवू. एकत्र येण्याबद्दल देव नेमकं काय सांगतोय, तेवढं आधी ऐकू.

इब्री लोकांस पत्र, अध्याय 10, ओवी 24 आणि 25. एकत्र जमणं सोडू नका, हे बहुतेकांना पाठ असतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सुटतं: प्रीती आणि सत्कर्मं करायला एकमेकांना उत्तेजन द्या, एकमेकांना धीर द्या. पत्र ज्यांना लिहिलंय त्यांनी चारचौघांत अपमान सोसला होता, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. हे त्याच अध्यायात पुढे येतं. काहींनी जमणं सोडलंही होतं. म्हणजे असं सोडणारी ती काही पहिली नव्हती. ‘एकमेकांना’ हा शब्द मात्र एकट्याने पाळता येत नाही, मोबाईलसमोर बसून तर नाहीच. प्रवचन ऐकता येतं, गाता येतं, पण शेजारच्याचा आवाज आज का बसलाय ते कळत नाही.

“पण मग माझ्याकडे कोण आलं?” ती म्हणाली.

प्रश्न रास्त होता. इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं. वाचन, बोध, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोचवत. न आलेला माणूसही त्या पंगतीत धरलेला असे. चौदा महिन्यांत तिच्या दाराशी कुणी आलं नसेल, तर आज्ञा एकट्या तिनेच मोडली असं मी म्हणणार नाही. तसं तिला सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, एक आजी फोन करतात. त्यांना आता वाचता येत नाही, नजर गेली आहे. फोनवर काही विचारत नाहीत, नुसतं “आज कुठला अध्याय वाचलास?” एवढंच.

तिथून वाट निघाली. आठवड्यातून एकदा त्या आजींच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवायचं, एवढंच ठरवलं. चर्चचं नावही काढलं नाही. (जिथे छळ किंवा शोषण झालंय तिथे मी कुणालाही परत जा म्हणत नाही, मंडळी बदलणं म्हणजे आज्ञा मोडणं नव्हे. इथे गोष्ट तशी नव्हती.) चौथ्या आठवड्यात तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचला. मेलेल्यातून उठलेला येशू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा हा शिष्य तिथे नव्हता, आणि त्याचा त्यावर विश्वास बसेना. आठ दिवसांनी होता, शंका तशीच घेऊन. आजी म्हणाल्या, “बघ, त्याला कुणी आत घेणार नाही असं म्हटलं नाही.”

सातव्या आठवड्यात दोघी मिळून उपासनेला गेल्या. शेवटचा बाक. कुणी विचारलंच तर काय म्हणायचं ते आम्ही घोकून ठेवलं होतं: “त्याबद्दल आज बोलायचं नाही, पण मी आले आहे.” ते दोनदा म्हणावं लागलं. पाळकांकडे जाऊन त्या प्रार्थनासभेबद्दल बोलायचं अजून बाकी आहे; ते तिचं ती ठरवेल.

“गाणं सुरू झालं आणि माझा आवाजच फुटेना,” तिने नंतर सांगितलं. “आजी शेजारी बेसूर गात होत्या. मी तोंड मिटून उभी होते, तरी गाणं चालू होतं.”

झोप जरा सुधारली आहे. सगळे रविवार ती जात नाही. कुठले चुकले ते आई अजून मोजते.