निसर्गच नायट्रेट काढतो, मग माझ्या लेकीला त्यात नोकरी कोण देणार?

शिरोळकडच्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, घरचा ऊस, आणि विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये नायट्रेट लिमिटच्या वर आल्यापासून तिने एकच धरलंय की नदीकाठच्या मातीतले जिवाणू नायट्रेट कसं संपवतात त्यावरच पुढे शिकणार. नातेवाईक म्हणतात फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या लॅबला, चिकटवा. आणि ताई विचारतात, जे काम निसर्ग आपणहून करतो त्याला माणूस पगारावर कोण ठेवणार?

ताई, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे म्हणून तिथूनच सुरू करते.

निसर्ग हे काम करतो, पण सगळीकडे नाही करत आणि कायम पण नाही. उसाला टाकलेल्या युरियाचं मातीत नायट्रेट होतं, पिकाने घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पाण्याबरोबर खाली झिरपतं. नदीकाठच्या सखल मळीच्या (गाळाच्या) जमिनीत पाणी वर असतं, ओल टिकते, पालापाचोळा कुजत असतो, तिथे ऑक्सिजन संपला की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून जगतात आणि मग नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. अशा जागी खड्डा घेतला तर खाली करडी-निळसर माती आणि तिच्यात तांबूस गंजासारखे ठिपके दिसतात (फार काळ्या मातीत हे पटकन ओळखू येत नाही), म्हणजे ती जमीन आलटून पालटून पाण्याखाली जाते आणि कोरडी होते.

पण पाणी त्या मातीत थांबलंच नाही तर? ऑस्ट्रियात व्हिएन्नाला हेच झालं. 1870 च्या दशकात तिथली डॅन्यूब नदी सरळ केली, बांध घातले, काठची जंगलं आणि जुने फाटे नदीपासून तुटले. 1996 मध्ये तिथे डोनाउ-आउएन नॅशनल पार्क झालं आणि काही फाटे परत नदीला जोडले. आता फाटा जोडला म्हणजे नायट्रेट किती कमी झालं, पाणी किती दिवस थांबलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिवाणूंचं काम अर्धवट राहून नायट्रस ऑक्साइड तर बाहेर पडत नाही ना, कारण तो वायू 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 270 पट तापवतो, हे सगळं कोणीतरी मोजायलाच लागतं ना. पगार त्या मोजण्याचा आहे. आणि गरज आपल्याकडे पण आहे, केंद्रीय भूजल मंडळाच्या रिपोर्टप्रमाणे 2023 मध्ये देशातल्या 440 जिल्ह्यांत कुठे ना कुठे नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या लिमिटपेक्षा जास्त सापडलं.

लेकीला सांगा, सुरुवात तिने कॉलेजातच केलीय. नायट्रेट रिडक्शन टेस्ट आठवते का विचारा. रिएजंट टाकल्यावर लाल रंग आला तर नायट्राइट झालंय, नाही आला तर चिमूटभर झिंक पावडर टाकायची आणि तरीही रंग नाही आला तर नायट्रेट पूर्ण संपून पुढे गेलंय, आणि डरहॅम ट्यूबमध्ये (आत उलटी ठेवलेली छोटी नळी) बुडबुडा दिसला तर वायू सुटलाय. ज्या परीक्षेसाठी पाठ केलं तेच हे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला नदीकाठची माती आणि बांधावरची माती शेजारी शेजारी लावून बघायला सांगा, एक सेट ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे वाफेने जिवाणू मारलेल्या, मातीचा ठेवायचा म्हणजे काम जिवाणूंनीच केलं हे दाखवता येतं.

आता नोकरीचं स्पष्ट सांगते. "पूरमैदानातलं नायट्रेट" अशी जाहिरात कधी निघत नाही. पोस्ट निघतात त्या वॉटर क्वालिटी, भूजल, वेटलँड, सांडपाणी अशा नावांनी. सांडपाण्याच्या प्लँटमध्ये जी बिनऑक्सिजनची टाकी असते तिथे हेच जिवाणू हेच काम करतात, त्यामुळे हे ज्ञान बाजारात पडून राहत नाही. माझं मत असं की तिने एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच करावं, नुसतं पर्यावरण नाव असलेल्या कोर्सला लगेच जाऊ नये, कारण या क्षेत्रात जिवाणू कळणारे वेगळे आणि जमिनीखालचं पाणी कसं वाहतं ते कळणारे वेगळे बसतात, एका बाजूत पक्की असून दुसरी भाषा समजणारी माणसं कमी. भूजलाचे कोर्स आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन साइटवर फुकट आहेत, एमएस्सी करता करता होतील.

शिवाजी विद्यापीठ जवळच आहे, आयआयटी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा पण द्यावी. पुढे सीएसआयआर-यूजीसी नेट या देशपातळीवरच्या परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) लागली तर 37,000 रुपये महिना मिळतात आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पीएचडी करता येते. बाहेर जायचं असेल तर व्हिएन्नाचं बोकू विद्यापीठ, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची आयएचई ही पाण्यावरची संस्था आणि केनियाचं एगर्टन विद्यापीठ यांची पाणथळ जागांवरची एकत्र मास्टर्स आहे, पण स्कॉलरशिप मिळाल्याशिवाय कर्ज काढून जायचं नाही, हे मी ठामपणे सांगते.

फार्माची नोकरी वाईट नाही. घरची गरज असेल तर वर्ष-दोन वर्षं करू दे, लॅबची शिस्त लागते. फक्त नेटचा अभ्यास सोडायचा नाही.

तिचं बारावीला गणित होतं का ते कळवा, एमटेकचा रस्ता त्यावर ठरेल. आणि ताई, घरात तान्हं बाळ असेल तर त्या विहिरीचं पाणी उकळूनसुद्धा देऊ नका, उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट वाढतं.