मधुमेह, मूत्रपिंडे आणि आहारातील चोथा

प्रश्न : मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन जात असल्याचे आढळले. तंतुमय आहाराने मूत्रपिंडे पूर्ववत होतील का?

उत्तर : तसे आश्वासन मी देणार नाही. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांना झालेली इजा चोथ्याने, म्हणजेच अन्नातील तंतूंनी, भरून निघत नाही. ती वाढू न देण्याचे मुख्य काम रक्तातील साखरेचे व रक्तदाबाचे नियंत्रण आणि डॉक्टरांनी दिलेली औषधेच करतात. मात्र त्यातल्या साखरेच्या नियंत्रणाला तंतुमय आहाराचा चांगला हातभार लागतो. चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून पाच मिनिटांनी पाहा, पाणी दाट आणि बुळबुळीत झालेले दिसेल. ओट, सातू, डाळी आणि फळे यांतील विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू आतड्यात असाच लगदा तयार करतात आणि त्यातून साखर रक्तात सावकाश झिरपते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या १३ रुग्णांना सहा आठवडे रोज ५० ग्रॅम तंतू मिळतील असा आहार दिला गेला, तेव्हा २४ ग्रॅम तंतूंच्या आहाराच्या तुलनेत त्यांची साखर कमी राहिली. प्रयोग लहान होता, पण तंतू गोळ्यांतून नव्हे, तर नेहमीच्या अन्नातून दिले होते, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : चोथा तर पचतच नाही. मग आतड्यातल्या आतड्यात राहणाऱ्या पदार्थाचा मूत्रपिंडांशी संबंध कसा?

उत्तर : आपल्याला पचत नाही म्हणूनच तो मोठ्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोहोचतो. ते त्याचे किण्वन करून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण होते. चोथा अपुरा पडला की जिवाणू उरलेल्या प्रथिनांकडे वळतात. प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आणि टायरोसिनपासून पी-क्रेसॉल तयार होते, आणि पुढे शरीरात त्यांचे इंडॉक्सिल सल्फेट व पी-क्रेसिल सल्फेट होते. निरोगी मूत्रपिंडे हे अपायकारक पदार्थ लघवीवाटे बाहेर टाकतात, परंतु मंदावलेल्या मूत्रपिंडांच्या रुग्णांत ते साचतात. शिवाय ते रक्तातील अल्ब्युमिनला घट्ट चिकटून राहत असल्यामुळे डायलिसिसनेही नीट निघत नाहीत. म्हणून ते मुळात कमी तयार व्हावेत, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. वाढत्या जिवाणूंना नायट्रोजनही लागतो, त्यामुळे युरिया या नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थाचा काही भाग शौचावाटे बाहेर जातो, हा आणखी एक लाभ.

प्रश्न : वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) वाढले आहे. रक्तात पोटॅशियम साचेल या भीतीने आम्ही त्यांची फळे, डाळी आणि भाज्या बंद केल्या. हे योग्य आहे ना?

उत्तर : सरसकट बंद करणे योग्य नाही. ही चूक मला वारंवार दिसते आणि तिची किंमत रुग्णच मोजतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आधी रक्तातील पोटॅशियम प्रत्यक्ष किती आहे, ते पाहा. ते मर्यादेत असेल तर केवळ भीतीपोटी पथ्य नको. वाढलेले असेल तर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तंतूंचा स्रोत बदलावा. केळ्याऐवजी सफरचंद घेता येईल. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे. सोडियम कमी असलेल्या पर्यायी मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, ते टाळावे. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पोटॅशियम वाढते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे, पण औषध परस्पर थांबवू नये. आणि एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : मूत्रपिंडे मंदावली की पोटॅशियमचा मोठा वाटा शौचावाटे जाऊ लागतो, चोथा तोडून बद्धकोष्ठता झाली, तर तीही वाट अडते.

मूत्रपिंडे मंदावली की साचणाऱ्या फॉस्फरसचेही तसेच आहे. डाळी आणि अख्ख्या धान्यांतील बराचसा फॉस्फरस फायटेट या संयुगाच्या रूपात बांधलेला असल्यामुळे कमी शोषला जातो. उलट, डबाबंद पदार्थांत मिसळलेली फॉस्फेटे जवळजवळ पूर्ण शोषली जातात. पाकिटावरील घटकांच्या यादीत ‘फॉस्फेट’ हा शब्द शोधण्याची सवय लावून घ्या.

प्रश्न : रोज किती तंतू घ्यावेत? इसबगोलासारखे तंतूंचे चूर्ण चालेल का?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी अन्नातून मिळणारे किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. मध्यम आकाराच्या, सालीसकट सफरचंदातून सुमारे ४ ग्रॅम मिळतात. गाळलेल्या रसातून जवळपास काहीच नाही. प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे, नाहीतर पोट फुगते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या काळात साखर अधिक वेळा तपासावी, कारण मूत्रपिंडे मंदावल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर अचानक उतरू शकते.

अन्नातून भागत नसेल तर चूर्ण चालेल, पण ते पुरेशा पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून दोनेक तासांच्या अंतराने घ्यावे. ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे किंवा मधुमेहामुळे ज्यांचे जठर सावकाश रिकामे होते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्ण सुरू करू नये; अशा रुग्णांत ते घशात, जठरात किंवा आतड्यात अडकण्याचा धोका असतो.