‘फक्त कार्बोरेटर साफ करायचाय’

प्रश्न : जुनी, कार्बोरेटरवाली १५० सीसी मोटरसायकल बघून आलो. पहिल्याच किकला चालू झाली. पण चोक बंद केला की गाडीही बंद. अर्धा चोक ठेवून चालवली तर चालते, मात्र अॅक्सिलरेटर झटकन पिळला की खोकते, गचके देते. मालक म्हणतात, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय. घ्यावी का?

उत्तर : मालक खरं बोलत असतील. पण ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुम्ही पोहोचलात तेव्हा इंजिन गार होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच हवं होतं. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मालकाने ‘तुम्ही येणार म्हणून चालूच ठेवली’ असं सांगितलं आणि मला ते अगत्य वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारून मारून पोटरी भरून आली, आणि चालू झाली तेव्हा सायलेन्सरमधून निळा धूर. पिस्टनवरच्या, ऑइल आणि दाब अडवणाऱ्या रिंगा गेल्या होत्या, बोअर-पिस्टनचं काम निघालं. तेव्हापासून गाडीला किक मारण्याआधी मी इंजिनजवळ तळहात नेतो. ऊब लागली तर ‘उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका’ असं सांगून परततो.

आता चोकचं. चोक ओढल्यावर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. गरम झाल्यावरही गाडी चोक मागत असेल, तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा मिळतेय. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर पेट्रोल चिकट होऊन पायलट जेटचं, म्हणजे अॅक्सिलरेटर न पिळता इंजिन चालतं तेव्हा पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, बारीक भोक बुजतं. तसं असेल तर मालकांचं म्हणणं बरोबर, काम किरकोळ. दुसरी शक्यता, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेलेली असते. ते बोटांनी वाकवून बघा, चिरा वाकवल्यावरच उघड्या पडतात. गाडी स्लोवर (अॅक्सिलरेटर न पिळता चालू) ठेवून त्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच घुसतेय. हेही फार मोठं काम नाही.

मला काळजी वाटते ती तिसऱ्या शक्यतेची. व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, नीट बसत नसले किंवा त्यांना उघडणारे टॅपेट फार टाइट झाले, की इंजिनची हवा-पेट्रोल खेचण्याची ताकद कमी होते आणि लक्षणं बरीचशी अशीच दिसतात. त्यावर कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही. चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबा. एका जागी ती चांगली अडली पाहिजे. सरळ खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नाही. मेकॅनिककडे हा दाब मोजायचं गेज असेल तर अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून माप घ्यायला सांगा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत माप घ्यायचं. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघायचं.

प्लग काढून बघाच, पण एक चूक टाळा. चोकवर चालवलेल्या गाडीचा प्लग काळा असणारच. काळेपणा कसला आहे ते बोट फिरवून बघा. कोरडी काजळी बोटाला लागते आणि पुसली जाते. ओलसर, तेलकट, चिकट असेल तर इंजिन ऑइल खातंय.

सायलेन्सरमधून धूर दिसला तर तो निळाच आहे ना, याची खात्री करा. थंडीतली पांढरी वाफ इंजिन तापलं की जाते, तिला घाबरू नका. निळा धूर चालू करताना क्षणभर दिसून गेला तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारं रबर) गेलंय. अॅक्सिलरेटर पिळेल तेव्हा येतच राहिला तर रिंगा. टॅपेटची हलकी टिकटिक चालते. लोड आल्यावर इंजिनच्या पोटातून जड ठकठक आली तर ती गाडी सोडा, बाकी काही बघू नका.

तुमच्या मालकांना इतकंच सांगा : कार्बोरेटर तुम्हीच साफ करून द्या, आणि मग रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी माझ्यासमोर चालू करा. चार-पाच मिनिटांत चोक बंद करून ती स्लोवर शांत उभी राहिली, आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज लगेच खाली आला, तर गाडी घ्या. त्यांनी साफ करून द्यायला नकार दिला, तर हे काम फक्त कार्बोरेटरचं नाही असं मी तरी धरून चालेन.