पुस्तकाच्या फोटोंची पीडीएफ केली, पण भाचीचा फोन ती वाचून दाखवत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की भाची पूर्ण अंध आहे, नाशिकला मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय आणि तुम्ही पाठवलेल्या पीडीएफवर टॉकबॅक, म्हणजे फोनमधला पडदा वाचून दाखवणारा आवाज, गप्पच राहतो. त्या पीडीएफमध्ये अक्षरं नाहीतच, अक्षरांची चित्रं आहेत. चित्रातून मजकूर काढावा लागेल, यालाच ओसीआर म्हणतात.

त्याआधी हे पुस्तक अंध वाचकांसाठी कुणी आधीच तयार केलेलं आहे का ते बघा. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या अशा पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, नाशिकमधल्या सातपूरच्या नॅब या अंधांसाठीच्या संस्थेत विचारा. दिव्यांग प्रमाणपत्र हाताशी ठेवा. विद्यापीठाकडून पीडीएफ मिळाली तर तिच्यातली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. मराठी उमटली तर निम्मं काम झालं. चिन्हांची खिचडी उमटली तर मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात आहे. आपल्याला मराठी दिसते, फोनला मात्र ती खिचडीच मिळते. त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला कळणाऱ्या अक्षरांत, बदलणारा कन्व्हर्टर शोधा. नाहीच सापडला तर छापील पान समजून ओसीआर करा.

स्कॅन ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके), बारीक टाइप असेल तर ४००ला. फोननेच करायचं असेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून आणि पान सपाट दाबून. शिवणीकडे पान वाकलं की तिथले शब्द हमखास बिघडतात. दहा-दहा पानांचे तुकडे गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा, म्हणजे चित्रातला मजकूर अक्षरं होऊन येतो.

खरा वेळ खातं ते मुद्रितशोधन. दोनशे पानं एका दुपारी स्कॅन होतील, तपासायला मात्र कित्येक दिवस लागतील. ‘घर’चं ‘धर’, ‘भरण’चं ‘मरण’ होतं आणि दोन्ही खरेच शब्द असल्याने स्पेलचेक काही बोलत नाही. ‘सुख’चं ‘सुरव’ होतं; ‘रव’ शोधून एकेक बघा. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. इथे सगळे ‘र्या’ एकदम बदलायचा मोह होईल. तसं केलंत तर ‘पर्याय’ आणि ‘मर्यादा’ही बिघडतील. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी कोलन आला तर फोन शब्द मधेच तोडतो. एकाने छापील पुस्तक मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने फाइल बघायची, ही जुनी छापखान्याची पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची.

मग वर्डमध्ये रचना. प्रत्येक पानावर येणारं पुस्तकाचं नाव काढून टाका, नाहीतर वाक्याच्या मधोमध तेच ऐकू येतं. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडा. पानाचा आकडा मात्र ठेवा, ‘पान ८६’ असा स्वतंत्र ओळीत. सर ‘८६ उघडा’ म्हणाले की तिला तिथे जाता आलं पाहिजे. प्रकरणांच्या नावांना नुसतं ठळक करू नका, ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावा. त्यावरूनच ती एका प्रकरणावरून दुसऱ्यावर उडी मारू शकते. तळटीप परिच्छेद संपल्यावर ‘टीप’ म्हणून घाला. कवितेच्या ओळी सलग करू नका. नकाशा किंवा आलेख असेल तर त्यातून काय समजायचं तेवढं दोन वाक्यांत लिहा. शेवटी मजकुराची भाषा मराठी ठरवून, डेझी कन्सॉर्शियम या सुलभ पुस्तकांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मोफत ‘वर्ड-टू-ईपब’ने ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करा.

त्यापेक्षा आवाजात रेकॉर्ड करून द्या, असंही कुणी सुचवेल. कथा-कादंबरीला ते छानच. पण परीक्षेच्या अभ्यासाला मजकूर हवा, कारण त्यात शब्द शोधता येतो आणि ऱ्हस्व-दीर्घ अक्षरागणिक ऐकता येतं.

परवानगीची चिंता नको. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ५२(१)(झेडबी)नुसार दिव्यांग वाचकासाठी अशी प्रत कुणीही करू शकतं आणि दुसऱ्या दिव्यांग वाचकाला अभ्यासासाठी देऊही शकतं. नफा घ्यायचा नाही, फक्त निर्मितीचा खर्च घेता येतो. त्यामुळे ही फाइल वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथली डोळस मुलं या सवलतीत बसत नाहीत.